शंभरपैकी शंभर गुणांचे गौडबंगाल

मरोळचा कारखानदार असो, मुलुंडच्या पाच रस्त्यावरचा मिठाईवाला असो किंवा बोरिवलीच्या एल. टी. रोडवरचा कापडवाला असो, वेबसाइटची एसईओ (म्हणजे शोधयंत्रात वर दिसण्याच्या दृष्टीने) तपासणी करून घेतल्यावर त्याच्या हाती जो रंगीत अहवाल पडतो, त्याच्या मुखपृष्ठावरील ‘शंभरपैकी 62’ हा आकडा म्हणजे साक्षात गूगलचा निकाल होय आणि तो नव्वदावर गेला की दुकान पहिल्या पानावर झळकेल, ही समजूत इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे कानांवर पडते की आता तिची शांतपणे उकल करण्याइतका धीर उरणे कठीण.

हा आकडा त्या साधनाच्या कंपनीचा खाजगी हिशेब आहे. गूगलच्या दप्तरी त्याची नोंद नाही. मॉझ ही कंपनी ‘डोमेन अथॉरिटी’ नावाचे गुण देते आणि गूगल आपली क्रमवारी लावताना ते वापरत नाही, असे तीच जाहीर सांगते. पण अहवाल विकणारा दलाल तेवढे वाक्य सोयीस्करपणे गाळतो. गूगलच्या घरचे, क्रोममध्ये फुकट मिळणारे लाइटहाउससुद्धा शीर्षक आहे का, वर्णन आहे का, पान शोधयंत्राला खुले आहे का, अशा मोजक्या तांत्रिक बाबीच तपासते. मजकूर गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा की निव्वळ भरताड, हे त्याला कळत नसल्याने, निरर्थक पानही तेथे बिनदिक्कत शंभर गुण मिळवू शकते.

मराठी पानांची तर याहून विचित्र गत होते. ‘मुलुंड’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. संगणक उकार आणि अनुस्वार निराळे धरून सहा मोजतो. आणि हाच शब्द पानाच्या पत्त्यात घातला, की प्रत्येक खुणेची नऊ याप्रमाणे 54 रोमन चिन्हे होतात. मग तपासणीचे साधन ‘पत्ता फार लांब’ असा ताशेरा ओढते आणि मालक घाबरून मराठी काढून टाकतो. वास्तविक गूगलला देवनागरी पत्त्यांचे वावडे नाही.

साधन निवडायचे तर प्रथम गूगलचे सर्च कन्सोल. ते विनामूल्य आहे, आणि कोणते पान गूगलने नोंदले, कोणते का वगळले, गेल्या 16 महिन्यांत लोक काय शोधून आले, याची कैफियत दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही. त्याच्या जोडीला स्क्रीमिंग फ्रॉग. त्याची मोफत आवृत्ती 500 पत्ते तपासते, आणि उपनगरातल्या दुकानाची वेबसाइट सहसा एवढी मोठी नसतेच. प्रतिस्पर्ध्याचे दुवे धुंडाळायचे असतील तरच वर्गणीची साधने घ्यावीत, आणि त्यांतले शोधसंख्येचे आकडे अंदाजच असतात हे ध्यानात ठेवावे.

किरकोळ भ्रम आणखीही आहेत. ‘कीवर्ड्स मेटा टॅग’ रिकामा म्हणून गुण कापणारे साधन सरळ बाद करावे. गूगल तो क्रमवारीसाठी पाहत नाही, हे 2009 मध्येच जाहीर झाले. ‘विषारी दुवे’, म्हणजे संशयास्पद वेबसाइटांवरून आपल्याकडे येणारे दुवे, नाकारण्याची गरज बहुतेकांना नसते, असे गूगलचेच म्हणणे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही त्याच कंपनीने लिहून ठेवले आहे.

राहिला क्रमांक दाखवणाऱ्या साधनांचा प्रश्न. स्थानिक धंद्यांच्या निकालांत गूगल समर्पकता आणि ख्याती यांबरोबर अंतरही विचारात घेते, त्यामुळे घाटकोपर स्टेशनाबाहेर उभ्या गिऱ्हाइकाला दिसणारी यादी अंधेरीत दिसेलच असे नाही. ज्या साधनात शोधाचे ठिकाण उपनगरापर्यंत ठरवता येत नाही, त्याचा ‘तिसरा क्रमांक’ नेमका कोठला, हे विकणाऱ्याला आधी विचारावे.