परतीचा अर्ज आणि नकाराचा हक्क
(निर्वासितांचा प्रश्न : लेखांक सहावा)

आश्रय मागणाऱ्या माणसाची सरहद्दीवर जी चौकशी होते तिचा विचार गेल्या लेखांकात झाला. या खेपेस त्याच माणसाच्या परतीचा विचार करावयाचा आहे, आणि तोही मायदेशी तोफा थंडावल्या नसतानाच्या परतीचा. युद्ध संपण्यापूर्वी कोणी शहाणा माणूस घरी कशाला जाईल, असे दूर बसलेल्या आपल्याला वाटते. परंतु तह होण्याची वाट न पाहता परतलेल्यांची संख्या जगात फार मोठी आहे. कोणी छावणीतील तुटपुंज्या शिध्याला कंटाळून जातो, कोणी मागे राहिलेल्या वृद्ध आईबापांच्या ओढीने, कोणी आणखी एक पेरणी हुकली तर शेत दुसऱ्याच्या घशात जाईल या धास्तीने, आणि कोणी यजमान सरकारच्या अप्रत्यक्ष रेट्यामुळे. यांपैकी मधली दोन कारणे त्या माणसाची स्वतःची असतात, पहिले व शेवटचे दुसऱ्या कोणी तरी निर्माण केलेले असते. आणि अशा माणसाला सल्ला देऊ पाहणाऱ्याने आपल्यापुढे बसलेला इसम यांपैकी कोणत्या कारणाने बोलतो आहे, हे आधी ओळखावयास हवे.

कायद्याचा पाया थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ फेब्रुवारी १९४६ रोजी असा ठराव केला की, ज्या निर्वासिताने पूर्ण स्वातंत्र्याने आणि सर्व वस्तुस्थिती समजून घेऊन परत जाण्याविरुद्ध सयुक्तिक हरकत घेतली असेल, त्याच्यावर परतीची सक्ती करू नये. याच सुमारास कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून छावणी करून राहत होते. युद्ध संपले तरी त्यांच्यापैकी बहुतेकांची गावे याल्टाच्या वाटाघाटींनंतर सोव्हिएत हद्दीत गेली होती, आणि म्हणून १९४८ मध्ये छावणी उठेपर्यंत त्यांतील बहुसंख्यांनी पोलंडऐवजी इंग्लंडची अथवा त्याहून दूरच्या देशांची वाट धरली. पुढे १९५१ च्या निर्वासितविषयक करारनाम्याच्या ३३ व्या कलमाने, जेथे जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासितास लोटण्यास मज्जाव केला. भारताने त्या करारनाम्यावर अद्याप सही केलेली नाही.

मज्जाव सक्तीला आहे, परतीला नाही. उलट स्वतःच्या देशात परतण्याचा अधिकार १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने प्रत्येकास दिलेला आहे. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय आपल्या कामात एक महत्त्वाचा भेद करते, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. मायदेशातील स्थितीत टिकाऊ स्वरूपाचा पालट झालेला असेल, सरकारने हमी दिलेली असेल आणि त्या हमीची शहानिशा करण्यास वाव असेल, तरच ते कार्यालय परतीस उत्तेजन देते. युद्ध चालू असताना उत्तेजन देणे वर्ज्य. तथापि एखादा निर्वासित सर्व धोके जाणूनही जाण्याचा हट्ट धरील, तर त्याला माहिती, कागदपत्रे आणि प्रवासाची सोय पुरवून साहाय्य करण्याची मुभा असते. कागदावर हा भेद स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात जहाज धक्क्याला लागले, नावे पुकारली जाऊ लागली आणि हातात प्रवासखर्चाची रक्कम पडली की, उत्तेजन कोठे संपले आणि साहाय्य कोठे सुरू झाले हे त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगता येत नाही. मला वाटते, ते पुष्कळदा अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही.

याचे सर्वांत जवळचे आणि आपल्या देशातच घडलेले उदाहरण श्रीलंकेतील तमिळांचे आहे. जुलै १९८३ च्या दंगलींनंतर चार वर्षांत सव्वा लाखाहून अधिक तमिळ पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत आले. रामेश्वरमच्या अलीकडे मंडपम येथे ब्रिटिश अमदानीत सिलोनच्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना रोगराईच्या तपासणीसाठी अडकवून ठेवण्याची जी छावणी होती, तीच उलट दिशेने येणाऱ्यांचा पहिला मुक्काम झाली. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात कोलंबो येथे जो करार झाला, त्यातच तमिळनाडूतील निर्वासितांच्या परतीची तजवीज होती, आणि त्या वर्षअखेरीपासून १९८९ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे पंचवीस हजार लोक परतलेही. पण पहिले जहाज सुटण्याआधीच, ऑक्टोबर १९८७ मध्ये, करारानुसार श्रीलंकेत गेलेली भारताची शांतिसेना आणि तमिळ वाघ हे बंडखोर यांच्यात लढाई जुंपली होती. मार्च १९९० मध्ये शांतिसेना निघून आली, जूनमध्ये नवे युद्ध पेटले, आणि लाखाच्या घरात माणसे पुन्हा या किनाऱ्याला लागली. त्यांच्यात परतून गेलेले आणि दुसऱ्यांदा पळून आलेले लोकही होते.

दुसरी परत पाठवणी याहून अधिक बोधक आहे. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि तमिळनाडूतील सहानुभूतीचा झरा एकदम आटला. छावण्यांत स्वयंसेवी संस्थांना मज्जाव झाला, निर्वासितांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेनासा झाला, बाहेर पडण्यावर निर्बंध आले. आणि अशा वातावरणात जानेवारी १९९२ पासून परतीच्या संमतिपत्रांवर सह्या व अंगठे घेण्याचे काम सुरू झाले. ही पत्रे इंग्रजीत असून अनेकांना ती वाचताच येत नव्हती, अशी तक्रार त्या वेळी झाली. समुद्रापलीकडे युद्ध चालूच होते. तमिळनाडूतील नेते नेडुमारन आदींनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेऊन अशी मागणी केली की, उच्चायुक्तांच्या प्रतिनिधींना निर्वासितांची इच्छा तपासू द्यावी आणि ज्यांना जावयाचे नाही त्यांना छावणीत राहू द्यावे. १९९२ च्या मध्यास भारत सरकारने त्या कार्यालयाला ती तपासणी करण्याची परवानगी दिली, आणि जागतिक संस्था तपासणी करीत असता संमती खरी की खोटी हे न्यायालयाने पाहण्याचे कारण नाही, अशा आशयाचा निकाल लागला. मात्र छावण्यांत मुक्त प्रवेश त्या कार्यालयाला नव्हता. त्याचे अधिकारी मुलाखत घेत ती बहुधा परतीच्या वाटेवर, ज्या वेळी कुटुंबाने भांडीकुंडी विकलेली असत, छावणीच्या नोंदवहीतून नाव कमी झालेले असे आणि नाही म्हणून परत जावयास जागाच उरलेली नसे. अशा ठिकाणी विचारलेल्या प्रश्नाला होकारच मिळावयाचा. १९९५ च्या मार्चपर्यंत पन्नास हजारांहून अधिक लोक या रीतीने गेले; त्यांपैकी पुष्कळांची गावे उत्तरेकडील युद्धभूमीत असल्यामुळे ते मन्नार, वावुनिया, त्रिंकोमाली येथील सरकारी आश्रयकेंद्रांत अडकून पडले, म्हणजे एका छावणीतून निघून दुसऱ्या छावणीत पोचले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिसरे युद्ध पेटले.

या सबंध प्रकरणातून माझे मत असे बनले आहे की, परतीच्या संमतीची किंमत ही नकाराच्या किमतीवरून ठरते. नाही म्हणणाऱ्याचा शिधा, मुलांची शाळा आणि राहण्याची जागा आहे तशीच चालू राहणार असेल, तर त्याच्या शेजाऱ्याचा होकार खरा मानावयास हरकत नाही. नाही म्हणणाऱ्याला यांतील एक जरी गोष्ट गमवावी लागत असेल, तर हजारो अंगठ्यांचा गठ्ठा कचेरीत असला तरी तो पुरावा म्हणून फारसा उपयोगी नाही.

सल्ला म्हणजे काय द्यावयाचे, याचे उत्तर यावरूनच निघते. ‘तुमचा देश आता सुरक्षित आहे काय’ हा प्रश्नच निरर्थक आहे, कारण कोणी देशात परतत नाही. माणूस परततो तो गावात, गल्लीत, विशिष्ट सर्व्हे नंबरच्या जमिनीत. तेव्हा गाव कोणाच्या ताब्यात आहे, वाटेवर कोणाच्या चौक्या आहेत, शेतात सुरुंग पेरले आहेत काय, विहीर वापरता येते काय, शेजारी कोण उरले आहेत आणि परतलेल्या तरुणाकडे लष्कर व बंडखोर हे दोघेही कोणत्या नजरेने पाहतात, हे त्या गावापुरते आणि अलीकडचे सांगता आले पाहिजे. वावुनियात त्या काळी ये-जा करण्यासाठी लष्करी परवान्यांची एक किचकट पद्धतच होती. घरापासून थोड्या अंतरावर आलेल्या माणसाला ती ठाऊक नसेल तर तो तेथेच अडके. अशी माहिती सरकारी पत्रकात क्वचितच मिळते. ती पत्रांतून, दूरध्वनीवरून आणि आधी जाऊन आलेल्या नातलगाच्या तोंडून मिळते, म्हणून कुटुंबाने एका वडीलधाऱ्या माणसाला आधी पाहणीसाठी पाठवावे ही जुनी रीत आता आंतरराष्ट्रीय संस्थांनीही स्वीकारली आहे. तिच्यात एक मेख मात्र आहे. मायदेशी पाऊल टाकले म्हणजे आश्रयाचा हक्क सोडला, असा अर्थ यजमान सरकारने लावला तर पाहणी हाच सापळा ठरतो. तेव्हा तसा अर्थ लावला जाणार नाही अशी लेखी हमी आधी घ्यावयास हवी. २०२२ नंतर घर पाहण्यासाठी थोड्या दिवसांकरिता युक्रेनात जाऊन येणाऱ्या निर्वासितांच्या बाबतीतही हाच प्रश्न उपस्थित झाला आहे.

जमिनीचा विषय आपल्याकडील वाचकाला वेगळा समजावून सांगावयास नको. श्रीलंकेच्या मुदतीच्या कायद्यानुसार दहा वर्षांची निर्वेध प्रतिकूल वहिवाट सिद्ध झाली की कबजेदार मालक ठरतो, आणि पळून गेलेला माणूस दहा वर्षांत वहिवाटीला हरकत घेणार तरी कशी? या अन्यायावर इलाज म्हणून तेथील पार्लमेंटने २०१६ मध्ये खास कायदा करून, युद्धामुळे ज्यांना दाद मागता आली नाही त्यांच्यासाठी तो काळ मुदतीतून वगळला. पण तो इलाज युद्ध संपून सात वर्षे झाल्यावरचा. जाफना द्वीपकल्पातील वलिकामम उत्तर भागात, पलाली परिसरात तर लष्करानेच १९९० च्या सुमारास जमिनी घेऊन संरक्षित क्षेत्र केले, तेथे खत आणि दाखला दोन्ही जवळ असूनही परतणाऱ्याला कुंपणाबाहेरच थांबावे लागले. म्हणून खरेदीखत, जन्मदाखले, विवाहाची नोंद, शाळेचे गुणपत्रक हे सारे आश्रयाच्या देशात असतानाच जमवून ठेवावे, परतीचा विचार मनात नसला तरीही. तमिळनाडूत हे काम ‘ऑफर’ या संस्थेने केले. तमिळ नेते चेल्वनायकम यांचे चिरंजीव चंद्रहासन यांनी ती १९८४ मध्ये निर्वासितांनीच निर्वासितांसाठी चालवावी म्हणून उभारली. छावणीत जन्मलेल्या मुलाची नोंद चेन्नईतील श्रीलंकेच्या उपउच्चायुक्तालयात झाली नाही तर ते मूल कोणत्याच देशाचे ठरत नाही, आणि आईबाप परतू शकतात पण मूल नाही, असा विलक्षण पेच उभा राहतो. कार्यकर्त्यांनी छावणीछावणीतून ही नोंदणी करवली. असल्या कामाला वृत्तपत्रांत जागा मिळत नाही.

निर्वासितांनी स्वतःच परतीच्या अटी ठरवल्याचे उदाहरण विरळा, पण ते आहे. ग्वाटेमालातील यादवीमुळे मेक्सिकोत आलेल्या शेतकऱ्यांनी, ज्यांत माया आदिवासींचा भरणा होता, १९८७ मध्ये आपले कायम प्रतिनिधिमंडळ निवडले, आणि त्याने थेट ग्वाटेमाला सरकारशी वाटाघाटी करून ८ ऑक्टोबर १९९२ रोजी लेखी करार मिळवला. परत जाणे स्वेच्छेने व सामुदायिक असावे, वाटेत आणि गावात परदेशी निरीक्षक सोबत असावेत, जमीन मिळण्याची व्यवस्था असावी, संघटना करण्याची मुभा असावी, असे त्याचे स्वरूप होते. २० जानेवारी १९९३ रोजी सुमारे अडीच हजार लोकांचा पहिला जथा सरहद्द ओलांडून आला; सरकारला नको असतानाही त्यांनी राजधानीतून जाण्याचा आग्रह धरला, कारण सर्वांच्या डोळ्यांदेखत परतणे हेच आपले संरक्षण आहे असे त्यांचे गणित होते. युद्ध तेव्हा संपले नव्हते, ते संपले २९ डिसेंबर १९९६ रोजी. करार होता, निरीक्षक होते, तरीही ५ ऑक्टोबर १९९५ रोजी शामान येथील परतलेल्यांच्या वसाहतीत शिरलेल्या लष्करी तुकडीने गोळीबार करून अकरा जणांना ठार मारले, त्यांत मुलेही होती. या घटनेवरून तो करार व्यर्थ होता असे मात्र मी म्हणणार नाही. देशभर जो क्षोभ उसळला त्यामुळे संरक्षणमंत्र्याला पायउतार व्हावे लागले, आणि एरवी अशा कत्तली त्या देशात गाजावाजा न होता पचत असत.

तमिळनाडूत आजही पन्नास हजारांहून अधिक श्रीलंकन तमिळ शंभराहून जास्त छावण्यांत राहतात. युद्ध मे २००९ मध्ये संपले, आणि परतण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे. परंतु त्यांच्यातील फार मोठ्या संख्येचा जन्मच या भूमीवर झालेला आहे. परत जाणार काय, या प्रश्नाला त्यांनी नाही असे उत्तर दिले तर त्यांचे नागरिकत्व कोणते, याचा विचार पुढील लेखांकात करू.