मोठी फाइल पाठवताना किल्ली कोणाकडे?

एमआरआय तपासणीची सीडी हाती येते आणि दुसऱ्या शहरातील तज्ज्ञांचेही मत घ्यावे, असे घरात ठरते. सीडीवरील प्रतिमा काहीशे एमबींच्या असतात. त्या ई-मेलला जोडू गेल्यास संगणक नकार देतो. घराच्या खरेदीखताचे स्कॅन असोत की कंपनीच्या लेखापरीक्षणाची कागदपत्रे, अडचण तीच. मग घाईत जो मार्ग समोर दिसेल तो धरला जातो आणि फाइल पोहोचली म्हणजे काम झाले, असे मानले जाते. ती आणखी कोणाच्या हाती पडू शकते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुळात ई-मेलची रचना साध्या इंग्रजी मजकुरासाठी झाली होती. चित्रे, ध्वनी व इतर फाइली पत्रासोबत पाठवता याव्यात म्हणून १९९२ मध्ये 'माइम' हे प्रमाणक आले. त्यातील प्रचलित पद्धतीत फाइलमधील दर तीन बाइटचे चार अक्षरांत रूपांतर होते. म्हणजे १८ एमबीची फाइल वाटेत सुमारे २४ एमबीची होते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, आणि अनेक कार्यालयांचे सर्व्हर त्याहूनही लहान पत्रेच स्वीकारतात.

यावरचा सर्वपरिचित उपाय म्हणजे फाइल गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वीट्रान्स्फरसारख्या सेवेवर ठेवून तिची लिंक पाठवणे. सोय उत्तम आहे. पण लिंक पुढे पाठवली की फाइलही पुढे जाते. ड्राइव्हमध्ये 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडल्यास तसेच होते. त्याऐवजी ज्याला फाइल द्यायची त्याचाच ई-मेल पत्ता नोंदवणे शहाणपणाचे.

या सेवा आपली फाइल 'एन्क्रिप्टेड' असल्याचे सांगतात, तेही खोटे नसते. आपल्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर आणि सर्व्हरच्या साठ्यातही ती सांकेतिक रूपात असते. मात्र बहुतेक वेळा त्या कुलपाची किल्ली कंपनीकडेच असते. १६ व १७ जून २०१९ रोजी वीट्रान्स्फरकडून काही फाइलींचे ई-मेल भलत्याच पत्त्यांवर गेले. कंपनीच्या कुलपाचा तिथे काही उपयोग नव्हता, कारण दार तिनेच उघडून दिले होते. पाठवणाऱ्याने फाइलला स्वतःचे कुलूप लावले असते, तर भलत्या माणसाला निरर्थक अक्षरांचा ढीग तेवढा मिळाला असता.

मोझिलाने मार्च २०१९ मध्ये खुल्या केलेल्या 'फायरफॉक्स सेंड'मध्ये हे काम ब्राउजरच करीत असे. किल्ली लिंकमधील '#' या चिन्हापुढच्या भागात असे आणि ब्राउजर तो भाग सर्व्हरला कळवतच नाही. कल्पना सुरेख होती, पण घातक प्रोग्राम पसरवणाऱ्यांनीच तिचा फायदा उठवला. जुलै २०२० मध्ये सेवा थांबवण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये ती कायमची बंद झाली. शिवाय संपूर्ण लिंक ज्याच्या हाती लागे, त्याला किल्लीही आपोआप मिळे.

तेव्हा कुलूप आपणच लावावे, हे बरे. 'सेव्हन-झिप' हा विनामूल्य प्रोग्राम त्यासाठी पुरेसा आहे. त्यात सेव्हन-झेड हा प्रकार निवडून पासवर्ड द्यावा. 'एईएस-२५६' ही भक्कम पद्धत तिथे वापरली जाते. फाइलींची नावेही सांकेतिक करण्याच्या पर्यायावर खूण करायला विसरू नये. साध्या झिप फाइलला पासवर्ड दिला तरी आतील फाइलींची नावे दिसत राहतात, आणि रुग्णाचे नाव व आजार बहुधा त्या नावांतच असतो. झिपची जुनी सांकेतिक पद्धत तर फोडता येण्याजोगी आहे.

पासवर्डच्या बाबतीत आपल्याकडे अंमळ ढिलाईच दिसते. ई-आधारची पीडीएफ नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे व जन्मवर्ष टाकून उघडते. म्हणजे आपल्याला ओळखणारा कोणीही ती उघडू शकतो. अशी फाइल तशीच पुढे धाडणे म्हणजे कडी न लावता दार नुसते लोटून घेणे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला पासवर्ड चांगला. फाइल एका ई-मेलने आणि पासवर्ड लगेच दुसऱ्या ई-मेलने, ही अनेक कार्यालयांतील प्रथा मात्र निरुपयोगी आहे. ज्याला आपली टपालपेटी उघडता आली, तो दोन्ही पत्रे वाचणारच. पासवर्ड फोनवर तोंडी सांगावा. तो विसरला तर फाइल परत मिळवण्याचा मार्ग नाही, म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी. समोरच्याकडे ती फाइल उघडणारा प्रोग्राम आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

फाइल उघडल्याचा निरोप आला की सर्व्हरवरील प्रत काढून टाकावी. गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस पडून राहते. तीही रिकामी करावी.