उतारवयात ट्यूबा : सुरांचा पाया सांभाळताना

आयुष्यभर कॉर्नेट किंवा ट्रम्पेट वाजविणाऱ्या वादकाला उतारवयात एक कटू अनुभव येऊ शकतो. उंच स्वर पूर्वीसारखे लागत नाहीत, ओठ लवकर थकतात आणि पुढचे दात कमकुवत झाले असतील तर लहान माऊथपीसचा दाब सोसवत नाही. अशा वेळी वाद्य पेटीत जाते ते कायमचेच. पण वादन थांबवणे हा एकच मार्ग असतो काय? पाश्चात्त्य देशांतील हौशी बँडपथकांत काही वादक अशा वयात ट्यूबाकडे वळतात. या बदलात जुने काय उपयोगी पडते व नवे काय शिकावे लागते, याचा आपण येथे विचार करू या.

ट्यूबा हे पितळी वाद्यांतील सर्वांत खर्जाचे वाद्य. विल्हेल्म व्हीप्रेख्त आणि योहान मोरित्स यांनी १८३५ साली प्रशियात त्याचे पेटंट घेतले. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर ती सुमारे १८ फूट भरते. बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी पाच फुटांहूनही कमी असते.

पूर्वीची साधना मुळीच वाया जात नाही. ब्रिटिश परंपरेच्या ब्रास बँडमध्ये ट्यूबाचे संगीत कॉर्नेटप्रमाणेच ट्रेबल क्लेफमध्ये लिहिले जाते, त्यामुळे कॉर्नेटवादकाची बोटे ओळखीच्याच कळांवर पडतात. ट्रम्बोनवादकाला बेस क्लेफ वाचता येतो; त्याला फक्त सरकत्या नळीऐवजी कळांची सवय करावी लागते. क्लॅरिनेटवादकाचा मार्ग अधिक कठीण असतो. त्याच्या वाद्यात वेताची पट्टी कंप पावते, तर ट्यूबात स्वतःचे ओठच कंप पावतात. मात्र ताल, कान आणि स्वरलिपीचे वाचन ही त्याचीही शिदोरी असते.

नवा धडा असतो तो श्वासाचा. ट्रम्पेटला हवा थोडी लागते, पण दाब अधिक लागतो. ट्यूबाला दाब कमी पुरतो, पण हवा भरपूर लागते. खर्जातला एक मोठा स्वर काही क्षणांतच छाती रिकामी करतो. म्हणून श्वास कोठे घ्यावा हे आधीच ठरवून कागदावर खूण करावी लागते. वयोमानाने फुप्फुसांची क्षमता घटते हे खरे; परंतु तेवढ्याने निराश होऊ नये. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्यूबा वाजविणारे अर्नोल्ड जेकब्स दम्याने त्रस्त होते, तरीही श्वासाचे तंत्र शिकण्यासाठी दूरदूरचे वादक त्यांच्याकडे येत. विशेष म्हणजे ट्यूबापूर्वी तेही बिगुल, ट्रम्पेट आणि ट्रम्बोन वाजवीत असत.

वजनाचा विचारही करावयास हवा. मोठा ट्यूबा दहा किलो किंवा त्याहूनही जड असतो. पाठ आणि गुडघे जपण्यासाठी तो मांडीवर न पेलता स्टँडवर टेकवावा, किंवा आकाराने लहान असा ई-फ्लॅट ट्यूबा निवडावा. हृदयाचा अथवा श्वसनाचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. आरंभी रोज १५-२० मिनिटांचा सराव पुरे.

वय झाले म्हणून शिकणे संपत नाही, हे अमेरिकेतील रोचेस्टर येथे १९९१ साली रॉय अर्न्स्ट यांनी सुरू केलेल्या ‘न्यू होरायझन्स’ बँडने दाखवून दिले. ज्येष्ठांसाठीच निघालेल्या या उपक्रमात पूर्वी वाजविणारे आणि प्रथमच वाद्य हाती घेणारे असे दोघेही सामील झाले.

सर्वांत मोठा बदल मात्र मनाचा असतो. धून वाजविणाऱ्याकडे सर्वांचे कान असतात. खर्जाकडे बहुधा तो थांबल्यावरच लक्ष जाते. चर्चच्या गायकवृंदात बेस गाणाऱ्यांना हे सांगावयास नको. तथापि इतरांचे सूर याच पायावर उभे असतात. ज्याने अनेक वर्षे धून वाजविली, त्याला ती कोठे आधार शोधते हे अनुभवाने ठाऊक असते. तोच आधार इतरांना देण्याची संधी ट्यूबा त्याला देतो. म्हणून आपल्या परिसरातील एखादा ज्येष्ठ वादक वाद्य खाली ठेवण्याच्या विचारात असेल, तर त्याला निरोप देण्यापूर्वी खर्जाची जागा अवश्य देऊ करावी.