मुलगा व मुलगी यांची वाढ

“मुलगीच ती, अंगाने बारीकच असावयाची,” हे बोल आमच्या बीबी गावी वारंवार कानी पडतात. आमची हयात महसुली दप्तरातील नोंदी तपासण्यात गेली. तेव्हा या समजुतीचाही ताळा पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मानाप्रमाणे जन्मकाळी मुलाचे मध्यम वजन सुमारे ३.३ व मुलीचे ३.२ किलो असते. वर्षाअखेर ते अनुक्रमे ९.६ व ८.९ किलो होते. बसणे, चालणे यांत फरक नगण्य. बोलण्यात मुली सरासरीने किंचित पुढेच. पहिल्या वर्षी दगावण्याचा धोकाही निसर्गतः मुलासच अधिक.

निसर्गाचा भेद एवढाच. याहून मुलगी खंगली, तर दोष बीजाचा नव्हे, मशागतीचा होय. २०११ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५५ मुलीच भरल्या. ही तूटही निसर्गाची नव्हे, आपली आहे.

अंगणवाडीत मुलामुलींचे वाढीचे तक्ते निरनिराळे असतात. मुलीचे वजन दरमहा तिच्याच तक्त्यावर पाहावे, आणि रेघ खाली झुकताच, मुलाच्या बाबतीत करतो तशीच, दवाखान्याची वाट धरावी.