‘पिश्श’ची हौस आणि ऑटोमॅटिकचा गिअर

जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात रात्रंदिवस डांबर पडत होतं. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची सलग मार्गिका तयार झाली आणि अमरावती-अकोला महामार्गाचं नाव गिनीजच्या यादीत गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याच्या नावावर होता, २५.२७५ किलोमीटरचा. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. खड्डे चुकवण्यात उमेद गेलेल्या वऱ्हाडातल्या गाडीवाल्यांना सरळ, गुळगुळीत रस्ते मिळाले. त्याच सुमारास टायगुन, कुशाक, व्हर्टस, नेक्सॉन, फ्रॉन्क्स अशा टर्बो पेट्रोल गाड्या एमएच-२७ आणि एमएच-३० पासिंगच्या पाट्या लावून त्यांवर धावू लागल्या. त्यांतल्या बऱ्याच ऑटोमॅटिक.

या गाड्यांच्या काही मालकांना आता आवाज हवा आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की बॉनेटखालून ‘पिश्श’ असा जोरकस सुस्कारा यावा, अशी हौस असते. शर्यतीच्या व्हिडिओंत तो ऐकलेला असतो. तो काढणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवता येतो आणि ओळखीचा मिस्त्री तो बसवूनही देतो. शेजारी बसलेला मित्र मात्र पहिला सुस्कारा ऐकून विचारतो, ‘काहून बाप्पा, हवा लीक होऊन राहिली काय?’

प्रश्न गमतीचा वाटतो, पण तांत्रिकदृष्ट्या तो बिनचूक आहे.

हवा जाते कुठे?

टर्बोची कल्पना जुनी. आल्फ्रेड बुची या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनचं तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क देतं, ते याच जोरावर.

अडचण पाय उचलल्यावर सुरू होते. थ्रॉटलचं झापड मिटतं, पण टर्बोचं चाक लगेच थांबत नाही. ते हवा दाबतच राहतं आणि त्या हवेला पुढची वाट बंद असते. जिनिंगमध्ये कापूस वाहून नेणारा पंखा पूर्ण वेगात असताना पुढचा पाइप कुणी बंद करावा, तसा हा प्रकार. हवा उलटून चाकाच्या पात्यांवर आदळते. याला ‘सर्ज’ म्हणतात. तो वारंवार झाला तर टर्बोच्या बेअरिंगवर ताण येतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत कंपनीच एक डायव्हर्टर व्हॉल्व्ह देते. झापड मिटताच तो उघडतो आणि दाबलेली हवा टर्बोच्या अलीकडच्या पाइपात परत सोडतो. सगळं बंद पाइपांत घडतं, म्हणून आवाज दबलेला राहतो. काही छोट्या इंजिनांत असा वेगळा व्हॉल्व्ह नसतोही. तिथे टर्बोकडे जाणारा वायू वळवणारं इलेक्ट्रिक वेस्टगेट चटकन उघडून दाब उतरवतं.

बाहेरून आणलेला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह काम तेच करतो. फरक एवढाच, की तो हवा परत न नेता थेट बॉनेटखाली फेकतो. यानं ताकद वाढते, हा समज त्यामुळेच टिकत नाही. हा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलेला असतो, म्हणजे त्या क्षणी ताकद कुणी मागितलेलीच नसते.

कंपन्या हवा परत नेण्याची खटपट करतात त्याला दोन कारणं आहेत. पहिलं हिशोबाचं. काही इंजिनांत एअर फिल्टरनंतर लगेच हवेचं वजन मोजणारा सेन्सर असतो. तिथे मोजलेली हवा पुढे बाहेर फेकली, तर इंजिनाचा कॉम्प्युटर ती आत आहे असं धरून पेट्रोल सोडतो. मिश्रण घट्ट होतं, गाडी अडखळते, स्पार्क प्लग काळे पडतात. २००४ मध्ये भारतात आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस या पठडीतली, १.८ लिटर टर्बोची ही गाडी इथल्या सुरुवातीच्या मोजक्या टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी एक. नव्या अनेक इंजिनांत वजनाऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. त्यांना फेकलेल्या हवेचा तेवढा त्रास होत नाही. दुसरं कारण प्रदूषणाचं. इंजिनाच्या तेलाची वाफ टर्बोच्या अलीकडच्या पाइपात सोडलेली असते. हवा बाहेर फेकली की तिच्याबरोबर ती वाफही न जळता बाहेर पडते.

गिअर बदलला, आवाज आलाच नाही

मॅन्युअल गाडीत प्रत्येक गिअरला पाय उठतो, क्लच दाबला जातो, झापड मिटतं आणि व्हॉल्व्ह बोलतो. दर गिअरला एक ‘पिश्श’. व्हिडिओंतल्या गाड्या बहुधा अशाच असतात.

ऑटोमॅटिकमध्ये चालकाचा पाय दाबलेलाच राहतो. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयचं उदाहरण घ्या. चाकणच्या या गाडीत १.२ लिटरचं १०५ पीएसचं इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी होता. दोन क्लचच्या या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. बदल क्षणार्धात होतो. तेवढ्यापुरती ताकद कमी करायला कॉम्प्युटर मुख्यतः ठिणगीची वेळ मागे सरकवतो, थ्रॉटल मिटवत बसत नाही. टर्बोतला दाब टिकून राहावा म्हणूनच ही व्यवस्था. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्येही साधारण हेच घडतं. मग महागाचा व्हॉल्व्ह लावूनही गिअरागणिक आवाज येत नाही. तो येतो सिग्नलला, टोल नाक्याला किंवा पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली की.

शिवाय ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स इंजिनाला सतत विचारत असतो: आत्ता किती टॉर्क देतोस? उत्तर हवेच्या हिशोबावरून निघतं. व्हॉल्व्हची स्प्रिंग कमजोर असली, क्लॅम्प सैल राहिला किंवा जोडाचा गॅस्केट गळू लागला, की हिशोब बिघडतो. गिअर झटका देत बदलतात, पिकअप मरतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावल्यावर पी०२९९ हा कोड दिसला, तर टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतोय असा त्याचा अर्थ.

व्हॉल्व्हनं ताकद वाढली नाही म्हणून काही जण पुढे कॉम्प्युटरच्या रिमॅपकडे, म्हणजे त्याची प्रोग्रॅमिंग बदलण्याकडे वळतात. तिथे ताकद खरंच वाढते, पण गिअरबॉक्सची मर्यादा आड येते. फोक्सवॅगन-स्कोडाचा ड्राय क्लचवाला सात गिअरचा डीएसजी २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवला आहे आणि १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच तेवढा टॉर्क देतं, म्हणजे वाढीला जागाच उरत नाही.

डिझेलवाल्यांची गंमत निराळी. डिझेल इंजिनात ताकद इंधनाच्या मात्रेनं कमी-जास्त होते. पेट्रोलसारखं झापड मिटून हवा अडत नाही, त्यामुळे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची मूळ गरजच नसते. मग सायलेन्सरच्या तोंडात ‘टर्बो व्हिसल’ नावाची शिट्टी बसवली जाते. तिचा टर्बोशी काडीचाही संबंध नाही.

ऊन, धूळ आणि आरटीओ

वऱ्हाडात टर्बोचा खरा वैरी ऊन आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेवढी गरम हवा टर्बोनं दाबली की तिचं तापमान सहज १०० अंशांच्या पार जातं. ती थंड करण्याचं काम इंटरकूलरचं. एक लिटरच्या टीएसआयमध्ये तो पाण्यावर चालतो, म्हणून कूलंटची पातळी आणि पंप या इंजिनाला जिवाभावाचे. इंटरकूलर समोरच्या जाळीमागे असलेल्या गाड्यांत त्याच्या फटींत माती आणि किडे अडकतात. उन्हाळ्याआधी तो हलक्या हातानं धुतला तर फरक जाणवतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तर जास्तच. वर, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के कमी असतो आणि ती तूट टर्बोलाच भरून काढावी लागते.

धुळीचा मुद्दाही आहेच. काही व्हॉल्व्ह गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असतानाही थोडे उघडे राहतात आणि त्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा फिल्टरमधून गेलेली नसते. काळ्या मातीच्या रस्त्यांवरची बारीक धूळ त्या वाटेनं सिलिंडरपर्यंत पोहोचते.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. व्हॉल्व्हची नोंद आरसी बुकात नसते, हे खरं. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ नियमबाह्य सुटे भाग बसवण्यालाही लागू होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स गमावण्याची वेळ येऊ शकते. वॉरंटीतल्या गाडीचा टर्बो गेला, तर सर्व्हिस सेंटरची पहिली नजर याच व्हॉल्व्हवर जाते.

कंपनीचा व्हॉल्व्ह बदलावा लागतो असे प्रसंगही येतात. जुन्या गाड्यांत त्यातला रबरी पडदा उष्णतेनं फाटतो. पिकअप हळूहळू कमी होतो, चढावर गाडी दम टाकते, बॉनेटखालून फुसफुस ऐकू येते. तेव्हा धातूच्या पिस्टनचा, पण हवा पाइपातच परत सोडणारा व्हॉल्व्ह बसवणं हा चांगला पर्याय ठरतो. त्यानं हिशोब बिघडत नाही आणि तो टिकतोही. ज्यांनी बाहेर हवा फेकणारा आधीच लावला आहे, त्यांनी मिस्त्रीकडून मूळ व्हॉल्व्ह, त्याची गॅस्केट आणि वायरचा कनेक्टर मागून घ्यावा. बसवण्याआधी जोडाचे पाइप आणि क्लॅम्प तपासून घ्यावेत आणि नंतर स्कॅनर लावून जुने कोड पुसून घ्यावेत.