व्यसनमुक्तीचे शिक्षण : पेढीवर आणि घरात

सप्तव्यसनांचा त्याग हा श्रावकाच्या घरातील पहिला पाठ होय. पाठशाळेत जाणारे आठ-नऊ वर्षांचे मूलदेखील द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सातही नावे एका दमात सांगते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त पाच अणुव्रतांच्या जोडीला मद्य, मांस व मधु यांचा त्याग घालून श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले आहेत. इतका स्पष्ट उपदेश ज्या समाजाला पूर्वापार लाभला आहे, त्याने मुलांना मद्य व मादक पदार्थांविषयी निराळे शिक्षण देण्याचे प्रयोजन काय, असे काही ज्येष्ठ बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही सरळच दिले पाहिजे.

नावे पाठ असणे निराळे आणि आयत्या वेळी नकार देता येणे निराळे. निपाणी, चिकोडी वा बेळगावचा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी वसतिगृहात राहू लागतो. तेथे पेला पुढे करणारा कोणी खलपुरुष नसतो. तो बहुधा त्याचा चांगला मित्रच असतो. पहिल्या घोटाने काही अनर्थ घडला नाही, तर ‘वडीलधारे उगाच भीती घालीत होते’ असा निष्कर्ष मुलगा काढतो, आणि मग आपल्या खऱ्या सूचनाही त्याच्या लेखी खोट्या ठरतात. म्हणून केवळ धाक न घालता कारण सांगावे, असे आमचे म्हणणे आहे.

शास्त्रकारांनी मद्याला दोन दोष लावले : त्यात असंख्य सूक्ष्म जीवांची हिंसा होते, आणि त्याने विवेक नष्ट होतो. यांतील दुसरी गोष्ट आजचे वैद्यक आपल्या परिभाषेत सांगते. सारासार विचार करणारा मेंदूचा भाग सुमारे 25 वर्षांपर्यंत परिपक्व होत असतो. त्याआधी जो जितक्या लवकर सुरुवात करतो, तितका व्यसन जडण्याचा संभव अधिक. मद्यविक्रीसाठी कायद्याने ठरविलेले वय राज्याराज्यांत निराळे आहे. मेंदूची वाढ मात्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखीच होते, हे गोव्याच्या सहलीला निघालेल्या मुलांना अवश्य सांगावे.

आता आपल्या पेढीकडे वळू. केंद्र सरकारने 2018 साली करविलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट विशेष आढळली. हुंगण्याच्या मादक द्रव्यांचे सेवन प्रौढांत शेकडा 0.58 होते, 10 ते 17 वर्षांच्या मुलांत ते शेकडा 1.17 होते. ही द्रव्ये कोणत्या अड्ड्यावरून येत नाहीत. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन ही स्टेशनरी, रंग आणि सायकलच्या दुकानांतील, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या फळीवरील माल होय. त्यांची वाफ हुंगल्याने हृदयाची गती एकाएकी बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व झोपेच्या गोळ्या औषधविक्रेत्यांकडेच असतात. तंबाखूविषयी तर निपाणीच्या बाजारपेठेत अधिक काय लिहावे!

हा विषय आपल्या व्यापाराबाहेरचा आहे, असे म्हणण्याची सोय आपणांस नाही. तंबाखूने या भागातील अनेक घराणी उभी केली. माळव्यातील पेढ्यांना अफूने एके काळी वैभव दिले. हिंदुस्थानातून चीनला होणारी अफूची विक्री 1913 साली थांबली. इंदूरचा व्यापार त्याने बुडाला नाही, भांडवल कापसाकडे आणि कापडगिरण्यांकडे वळले. व्यापारी माणूस मार्ग बदलू शकतो, याचा हा दाखला होय. शिवाय कायदाही स्पष्ट आहे. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तो विकण्यास मनाई आहे. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार बालकास मद्य, तंबाखू अथवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चार पैशांचे गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. मुलाचे वय विचारावे, आणि व्हाइटनरसाठी तेच मूल वारंवार येऊ लागल्यास त्याच्या पालकांच्या कानावर घालावे.

घरात आणखी एक गोष्ट शिकविली पाहिजे, आणि तीच सांगताना आपली जीभ अडखळते. मद्याच्या अतिसेवनाने बेशुद्ध झालेल्या सोबत्याला ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ म्हणून सोडू नये. पोटातील मद्य रक्तात भिनतच असते, आणि झोपेत उलटी होऊन श्वास कोंडू शकतो. अशास कुशीवर निजवावे, एकटे ठेवू नये, बळेच ओकवू नये. कॉफी वा थंड पाणी यांनी विष उतरत नाही. तत्काळ 108 किंवा 112 क्रमांकावर मदत मागावी. मद्याबरोबर झोपेच्या गोळ्या वा कोडीन घेतल्यास श्वास मंदावून बंदही पडतो. हे सांगणे म्हणजे मद्यपानास मुभा देणे नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मते नव्हे. बदनामीच्या भयाने मुले मदत मागत नाहीत आणि एखादा जीव हकनाक जातो. जीव वाचविणे ही अहिंसाच होय.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत ‘स्थितीकरण’ हे एक अंग आहे. मार्गावरून ढळणाऱ्यास पुन्हा मार्गावर स्थिर करणे, हा त्याचा अर्थ. डळमळलेल्या सोबत्यास सावरणाऱ्या वारिषेण मुनींची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तीच आपल्या घरात आचरावयाची आहे. ‘तुझ्या हातून काही घडले, तरी रात्री कोणत्याही वेळी मला फोन कर, आधी तुला घरी आणीन, बोलणे मागाहून’ हे वाक्य प्रत्येक पित्याने मुलाला एकदा तरी म्हणावे. व्यसन जडलेच, तर तो रोग समजून वैद्याकडे न्यावे. 14446 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. सोयरिकीत बाधा येईल म्हणून झाकून ठेवलेले व्यसन वाढतच जाते.

येत्या दशलक्षण पर्वात एक सायंकाळ मुले, पालक आणि एखादे जाणते डॉक्टर यांच्या मोकळ्या संभाषणासाठी राखावी, आणि वयाची विचारपूस केल्याविना असा माल न विकण्याचा नियम सभासद दुकानदारांनी स्वतः होऊन घ्यावा, अशी आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे. पाठशाळेत शिकलेल्या सात नावांना घरच्या विश्वासाची आणि पेढीवरच्या आचरणाची जोड मिळाली, तर मुलांना नकार देणे सोपे जाईल.