जर्दाळूच्या मुलखातली सरहद्द

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वडिलांचं बाजारपेठेत छोटंसं किराणा दुकान होतं. ईद जवळ आली की खारीक, बदाम, चारोळी यांच्याबरोबर जर्दाळूचं एक पोतंही येई. ते उसवायचं काम माझ्याकडे. चार जर्दाळू खायचे आणि बी दगडानं फोडून आतला गर खायचा, हा माझा मेहनताना. ‘हे येतं कुठून?’ असं विचारलं की वडील म्हणत, ‘लांबून. काबूलच्याही पलीकडून.’ काबूलच्या पलीकडे काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे बी.ए.ला भूगोल घेतला. कॉलेजच्या ॲटलासमध्ये काबूलच्या वर बोट नेलं की सगळा एकच रंग लागायचा, सोव्हिएत संघाचा. त्या रंगाच्या पोटात बारीक तुटक रेघा होत्या. परीक्षेत त्या कुणी विचारत नसे, म्हणून आम्हीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. १९९१ साली माझ्या हाती पदवी आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो रंग फुटला. तुटक रेघा ठळक झाल्या. त्या रेघा जिथं सर्वांत जास्त गुंतल्या आहेत, त्या फरगाना खोऱ्याविषयी आज बोलायचं आहे. मी तिथं गेलेलो नाही. पण त्या नकाशावरून माझं बोट गेली तीस-पस्तीस वर्षं हललेलं नाही, असं म्हटलं तरी चालेल.

फरगाना म्हणजे डोंगरांनी वेढलेली एक लांबट परात. उत्तरेला तिएनशानच्या रांगा, दक्षिणेला अलाय आणि तुर्किस्तान पर्वत. पश्चिमेला खुजंद शहरापाशी तेवढी एक चिंचोळी वाट मोकळी. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे तीनशे किलोमीटर. नारिन आणि करा दर्या या दोन नद्या खोऱ्यातच एकमेकींना मिळतात आणि पुढे त्यांचं नाव होतं सीर दर्या. आपल्या कोकणातला माणूस ‘दर्या’ म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर समुद्र असतो. फारसीत या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. ज्यांना समुद्र नव्हता त्यांनी नदी घेतली, आपण समुद्र घेतला.

खोऱ्यात पाऊस फार थोडा. शेती चालते ती डोंगरातल्या वितळलेल्या बर्फावर. तरी मध्य आशियातली सर्वांत दाट वस्ती इथंच आहे, दीड कोटीहून अधिक माणसं. परातीचा सपाट, सुपीक तळ बहुतेक उझबेकिस्तानकडे : अंदिजान, नमंगान आणि फरगाना हे त्याचे तीन प्रांत. भोवतालचा काठ किर्गिझस्तानकडे : जलालाबाद, ओश आणि बातकेन. पश्चिमेचं तोंड ताजिकिस्तानकडे, त्याचा सुग्द प्रांत. म्हणजे तळ एकाचा, काठ दुसऱ्याचा आणि पाणी बाहेर पडायची वाट तिसऱ्याची. पुढची सगळी कहाणी या एका वाक्यात आहे म्हणा ना.

कारभाराचे शब्द ऐकले तर मराठी माणसाला गंमत वाटेल. उझबेकिस्तानात प्रांताला ‘विलोयत’ म्हणतात. आपल्या आज्यांच्या लेखी विलायत म्हणजे लंडन, तिथं ती जिल्ह्याच्या वरची पायरी. ताजिकिस्तानात तालुक्याएवढ्या भागाला ‘नोहिया’ आणि त्याखालच्या गावांच्या गटाला ‘जमोअत’, म्हणजे आपली जमातच. उझबेकांचा ‘महल्ला’ हा तर आपला मोहल्ला. पण तिथं तो कायद्यानं मान्य केलेला असतो, त्याला अध्यक्ष असतो आणि गरजूंना सरकारी मदत मिळवून देण्यापर्यंतची कामं त्याच्याकडे असतात. किर्गिझस्तानात प्रांताला अजून रशियन ‘ओब्लास्त’च म्हणतात. बातकेन हा तिथला सर्वांत तरुण ओब्लास्त. १९९९ साली ताजिकिस्तानच्या डोंगरांतून सशस्त्र टोळ्या या भागात उतरल्या, त्यांनी माणसं ओलीस धरली. ओशहून इथवर राज्याचा हात पोचत नाही हे राजधानी बिश्केकला तेव्हा उमगलं आणि त्याच वर्षी ओशचा पश्चिम भाग तोडून बातकेन प्रांत झाला.

आता एक जुना साक्षीदार. बाबर १४८३ साली अंदिजानला जन्मला. बाप उमर शेख कबुतरखान्यासकट दरीत कोसळून मेला आणि १४९४ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, फरगान्याचं राज्य पोराच्या गळ्यात पडलं. दिल्ली-आग्र्याचा बाबर आपल्याला माहीत असतो. ‘बाबरनामा’ सुरू होतो तो मात्र फरगान्याच्या भूगोलापासून. कुठलं डाळिंब चांगलं, कुठल्या गावची हवा वाईट, सगळं तो नोंदवतो. मरगिलानला जर्दाळूची बी काढून आत बदाम घालून वाळवतात, हेही. त्यात इस्फारा नावाच्या परगण्याचे चार भाग त्यानं दिले आहेत : इस्फारा, वोरुख, सोख आणि हुशियार. बाबराच्या काळी ही एकाच परगण्याची डोंगरपायथ्याची गावं. आज इस्फारा आणि वोरुख ताजिकिस्तानात आहेत, सोख आणि हुशियार उझबेकिस्तानात, आणि मधली जमीन किर्गिझस्तानची आहे.

सोखची गोष्ट नीट ऐका. तो उझबेकिस्तानच्या फरगाना प्रांताचा तालुका आहे. त्याच्या चारी बाजूंना किर्गिझस्तानची जमीन आहे. आणि तिथले सत्तर हजारांहून अधिक रहिवासी जवळजवळ सगळे ताजिक आहेत. सरकार एकाचं, शेजार दुसऱ्याचा, घरातली बोली तिसऱ्याची. वोरुख तसाच किर्गिझ भूमीनं वेढलेला ताजिक तुकडा, तीस हजारांहून अधिक वस्तीचा.

हे कुणी केलं? ‘स्टालिननं नकाशावर पेन्सिल फिरवली’ असं सर्रास म्हटलं जातं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. १९२४ साली सोव्हिएत सरकारनं मध्य आशियाची भाषा आणि जमातीनुसार वाटणी केली हे खरं. पण खाली समित्यांमध्ये स्थानिक पुढारीच भांडत होते. बाजारपेठेचं गाव आम्हाला द्या, कापसाची जमीन आम्हाला द्या, चराऊ रान आम्हाला द्या. किर्गिझ मेंढपाळ हिवाळ्यात खाली उतरणारे, ताजिक आणि उझबेक पाण्याकाठी घर करून राहणारे. एकाच ओढ्यावर दोघांचा हक्क. रेघ मारणार कुठून? शिवाय सगळा एकच देश होता. एका प्रजासत्ताकाची सामूहिक शेती दुसऱ्याच्या कुरणात जनावरं चारी, त्याची कागदावर भाडेपट्टी होई. १९५०च्या दशकात पुन्हा नकाशे झाले. पुढे स्वतंत्र झाल्यावर ताजिकिस्तान १९२४ ते २७ चे नकाशे पुढे करी, तर किर्गिझस्तान १९५८-५९ चे. दोन्ही नकाशे मॉस्कोच्याच राजवटीत तयार झालेले.

पाण्याचंही तसंच. १९३९ साली सुमारे एक लाख साठ हजार माणसांनी फावड्या-कुदळींनी पंचेचाळीस दिवसांत फरगान्याचा मोठा कालवा खणला, कापसासाठी. पुढे किर्गिझस्तानात नारिन नदीवर तोक्तोगुल धरण झालं. त्याची क्षमता साडेएकोणीस अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या साडेसहा पट. रिवाज असा होता की उन्हाळ्यात किर्गिझस्ताननं खालच्या कापसाला पाणी सोडायचं आणि हिवाळ्यात खालून त्यांना कोळसा आणि गॅस मिळायचा. १९९१ नंतर गॅसचं बिल येऊ लागलं. बिल भरायला पैसे नसलेल्या किर्गिझस्ताननं मग घरं उबदार ठेवायला हिवाळ्यातच पाणी सोडून वीज केली. खाली हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरड. यात मला कुणी खलनायक दिसत नाही. थंडीत कुडकुडणारा आणि शेत वाळताना पाहणारा, दोघंही आपापल्या जागी खरे.

माझ्या मामांची जमीन चारीच्या शेवटाला होती. वरच्यांचं भिजवून झालं की पाळी यायची, तोवर पाणी आटलेलं. रात्री दोनला कंदील आणि फावडं घेऊन मामा निघत तेव्हा मामी दारातच उभी राही. पाण्यावरून डोकी फुटलेली तिनं पाहिली होती. एकाच गावात, एकाच तालुक्यात ही गत. तिकडे पाटाला ‘अरीक’ म्हणतात आणि पाटकऱ्याला ‘मिराब’, पाण्याचा अमीर. आता कल्पना करा, चारी एका देशातून निघते, दुसऱ्यातून जाते आणि शेत तिसऱ्यात आहे. इस्फारा नदी अशीच आहे. किर्गिझ डोंगरात उगम, मग ताजिक वोरुख आणि इस्फारा, आणि उरलेलं पाणी उझबेक सपाटीकडे.

म्हणून तिथली भांडणं सुरुवातीला फार किरकोळ वाटतात. २०१३च्या जानेवारीत हुशियार गावापाशी किर्गिझ चौकीसाठी विजेचे खांब रोवले म्हणून तणाव पेटला, माणसं ओलीस धरली गेली. ३१ मे २०२० रोजी सोखच्या हद्दीवर एका झऱ्यावरून दगडफेक झाली, दीडशेहून अधिक जखमी झाले. गावाचं नाव चश्मा. उर्दू-फारसीत चश्मा म्हणजे झरा, आपण तो नाकावर लावतो. २८ एप्रिल २०२१ रोजी इस्फारा नदीच्या पाणीवाटपाच्या ठिकाणी खांबावर कॅमेरा लावण्यावरून ताजिक आणि किर्गिझ गावकऱ्यांत दगड उडाले. त्या जागेला ‘गोलोव्नोय’ म्हणतात. रशियनमध्ये ‘गोलोवा’ म्हणजे डोकं. आपले शेतकरी कालव्याचं ‘हेड’ म्हणतात, तेच. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे सैनिक गोळीबार करत होते. पन्नासहून अधिक माणसं गेली. २०२२च्या सप्टेंबरात पुन्हा, या वेळी रणगाड्यांनिशी : शंभराहून अधिक मृत्यू, आणि बातकेन प्रांतातून लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली.

या काळात पोट कशावर चालत होतं? बातकेनच्या डोंगरात अँटिमनी, पारा, कोळसा आहे. कदमजाय आणि खैदरकान ही त्या खाणींची गावं, पण सोव्हिएत काळातली भरभराट गेली. खरं पीक जर्दाळू. सुग्द प्रांतातलं इस्फारा ही सुक्या जर्दाळूची मोठी पेठ, माल जातो मुख्यतः रशियाला. बातकेनचा जर्दाळूही पूर्वी सरहद्दीपलीकडे इस्फाराच्या व्यापाऱ्यांकडे जाई. २०२१ पासून जवळजवळ चार वर्षं सरहद्द बंद राहिली, तेव्हा तो व्यापार तुटला. उरलेला आधार म्हणजे रशियात मजुरीला गेलेल्या पोरांची मनीऑर्डर. ताजिकिस्तानात अशी बाहेरून येणारी रक्कम अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरते. दोन्हीकडची पोरं मॉस्कोत एकाच बांधकामावर विटा वाहतात आणि तिथं एकमेकांशी रशियनमध्ये बोलतात.

उकल कशी झाली तेही सांगायला हवं. उझबेकिस्तानात २०१६ साली सत्ताबदल झाला आणि शेजाऱ्यांशी बोलणी सुरू झाली. किर्गिझस्तानशी त्यांचा सीमाप्रश्न २०२२-२३ मध्ये मिटला. केंपीर-आबाद जलाशयाखालची जमीन उझबेकिस्तानला गेली, पाण्याचा कारभार दोघांचा, आणि किर्गिझस्तानला दुसरीकडे त्याहून बरीच जास्त जमीन मिळाली. पण बिश्केकमध्ये या कराराविरुद्ध बोलणाऱ्या वीसहून अधिक जणांना अटक झाली. २०२४ साली कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. जमिनीची अदलाबदल करताना ज्यांची जमीन आहे त्यांना विचारायचं राहून जातं, हे तिकडेही घडलं.

१३ मार्च २०२५ रोजी बिश्केकला किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानच्या अध्यक्षांनी सुमारे हजार किलोमीटरच्या सीमेवर सह्या केल्या. त्याच दिवशी बंद नाकी उघडली. महिनाअखेर, ३१ तारखेला, तिन्ही देशांचे अध्यक्ष खुजंदला जमले आणि तिन्ही सीमा जिथं मिळतात तो बिंदू ठरला. माझ्या मते यातली शहाणपणाची कलमं रस्त्यांची आणि पाण्याची आहेत. वोरुखला जाणाऱ्या वाटेसारखे काही रस्ते दोघांना वापरता येतील असे तटस्थ ठरवले, आणि पाण्याच्या बांधकामांसाठी वेगळा करार केला. रेघ कुठून जाते हे ठरवणं अवघड होतंच, पण रेघ ओलांडून बैल, ट्रॅक्टर आणि नवरीची गाडी कशी जाईल हे लिहून काढणं त्याहून अवघड.

या वाटणीत एक गाव गेलं. वोरुखजवळचं किर्गिझ गाव, २०२२च्या लढाईत त्याची मोठी हानी झाली होती. करारानुसार ती जागा ताजिकिस्तानला देण्याचं ठरलं, बदल्यात तेवढीच जमीन घेतली आणि रहिवाशांना दुसरीकडे घरं बांधून देण्याचं सरकारनं कबूल केलं. गावाचं नाव होतं दोस्तुक. किर्गिझ भाषेत दोस्तुक म्हणजे दोस्ती.

त्या भागात घराच्या मागं जर्दाळूची झाडं असतात. नव्या जागी लावलेल्या कलमाला पहिलं फळ धरायला चार-पाच वर्षं जातात.